म्युझियममध्ये काम करायचंय. शिकायचं कुठे, आणि नेमकं काय?

रेवा_कल्याण

नमस्कार मंडळी. मी टीवायबीएला आहे, इतिहास घेऊन. राहायला कल्याणला, कॉलेज मुंबईत, म्हणजे दिवसाचे तीन तास लोकलमध्ये जातात. पुढचं ठरवायला आता चारच महिने उरलेत म्हणून इथे विचारतेय.

एफवायला असताना मॅडमनी आम्हाला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नेलं होतं (बाबा अजूनही प्रिन्स ऑफ वेल्सच म्हणतात). बाकीच्या मुली पुढे गेल्या आणि मी दोरी लावलेल्या एका कपाटापाशी थांबले. काच उघडी होती. एका बाईंनी आतली वीतभर मूर्ती दोन्ही हातांनी उचलली, सोबतच्या मुलाने लगेच खालून तळहात धरला, आणि चार पावलांवरच्या ट्रॉलीपर्यंत दोघं एक अक्षर न बोलता गेले. मूर्ती फोमवर टेकली तेव्हा कुठे बाईंनी श्वास सोडला. मूर्ती कोणती होती ते मला आठवत नाही, ते दोघं मात्र आठवतात. तेव्हापासून डोक्यात हेच आहे.

बाबांचं इस्त्रीचं दुकान आहे. ते नाही म्हणत नाहीत. आत्या म्हणते बीएड कर, शाळा कुठेही मिळेल. तिचं चुकतंय असं मला वाटत नाही, म्हणूनच नीट माहिती घेऊन मग घरी बोलायचंय.

संग्रहालयशास्त्र शिकायला वडोदऱ्याला किंवा दिल्लीला जायलाच हवं का, की मुंबईत राहून होईल? इतिहासवाल्या मुलीला जतनाचं, म्हणजे ते लॅबमधलं काम मिळतं का, की त्याला सायन्सच लागतं? आणि नोकरी खरंच लागते का? शाळा मराठी माध्यमाची. इंग्रजी वाचते व्यवस्थित, बोलताना अडखळते. त्याने अडेल का?


समीर_सानपाडा

रेवा, मी ह्या क्षेत्रातला नाही. माझ्या मोठ्या बहिणीने वडोदऱ्याहून एमए केलं, त्यावरून सांगतो. तिकडची दोन वर्षं छान गेली. परत आल्यावर अडीच वर्षं सहा-सहा महिन्यांची कंत्राटं केली. एक प्रदर्शन संपलं की दुसरं शोधायचं, मधले दोन महिने घरी. आईला रोज कुणी ना कुणी विचारायचं, पोरगी काय करते म्हणून. आता ती एका कंपनीच्या अर्काइव्हमध्ये (जुनी कागदपत्रं आणि वस्तू जपणारा विभाग) कायम झाली आहे आणि खूश आहे.

तेव्हा घरी बोलताना 'नोकरी लागेल' एवढंच सांगू नकोस. 'पहिली दोन-तीन वर्षं ओढाताण होईल, तेवढी सांभाळाल का' असं विचार. आमच्या घरी हे आधी कुणी बोललंच नव्हतं, त्याचा त्रास पैशांपेक्षा जास्त झाला.


गिरगावची_नोंदवही

रेवा, तुला 'तू'च म्हणते. मी चोवीस वर्षं संग्रहालयांत काम करतेय, त्यातली अठरा वर्षं नोंदणी आणि भांडार सांभाळण्यात गेली. तू जे पाहिलंस, ते दोन हात आणि खालचा तळहात, ते आम्ही प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या आठवड्यात शिकवतो. कान, मूठ, कड, हँडल काहीही धरून वस्तू उचलायची नाही. जिथे धरावंसं वाटतं तिथेच ती आधी कधीतरी तुटून चिकटवलेली असते. आणि उचलण्याआधी ती ठेवायची कुठे, ती जागा तयार पाहिजे.

पण लोकांना दिसतं ते हे. न दिसणारं काम कसं असतं ते सांगते, कारण अभ्यासक्रम निवडताना तेच डोळ्यांपुढे असायला हवं.

२००१ साली मी एका लहान संग्रहालयात लागले. नाव लिहीत नाही. महिना साडेचार हजार रुपये, कंत्राटी. तिथे बिदरी कामाचे तीन हुक्क्याचे तळ होते. बिदरी म्हणजे जस्तात थोडं तांबं घालून ओतलेला धातू, त्यावर खोदून चांदी ठोकून बसवतात, आणि मग बिदरच्या किल्ल्यातली माती नवसागराबरोबर उकळून ती लावली की धातू काळा होतो आणि चांदी पांढरी राहते. ते काळेपण म्हणजे मळ नव्हे. मी लागण्याआधी कुणीतरी पाहुणे येणार म्हणून कामाच्या माणसाला भांडी चकाचक करायला सांगितलं होतं. त्याने बिचाऱ्याने मन लावून तिन्ही तळ पॉलिश लावून घासले. काळं गेलं, आणि त्याबरोबर बुडावर शाईने लिहिलेले क्रमांकही गेले.

क्रमांक गेला म्हणजे काय गेलं? प्रत्येक वस्तूला आल्या दिवशी एक क्रमांक मिळतो, आधी वर्ष, मग टिंब, मग त्या वर्षातली कितवी वस्तू. त्याच क्रमांकाने जाड बांधणीच्या नोंदवहीत एक ओळ असते: कुणी दिली, कुठून आणली, केवढ्याला घेतली, तेव्हा कशी होती. वस्तू आणि ओळ यांना जोडणारा दोरा तो एवढाच. तो तुटला की कपाटात तीन सुंदर हुक्के उरतात आणि वहीत ओळी उरतात, आणि कोण कुणाचं ते कुणालाच सांगता येत नाही.

मी तीन दिवस भिंग घेऊन बसले होते. जुन्या कारकुनाचं अक्षर तिरपं होतं, पण माणूस डोळस. एका ओळीत त्याने लिहून ठेवलं होतं, 'तोंडाशी पोचा, अफूच्या फुलांची वेल, चांदीचे एक पान निघालेले'. तो पोचा माझ्या अंगठ्याला लागला तेव्हा मी स्टोअरमध्ये एकटी होते आणि मोठ्याने 'सापडलं' म्हणाले. दुसऱ्याचंही जमलं. तिसऱ्याच्या ओळीत फक्त 'बिदरी हुक्का, चांगल्या स्थितीत' एवढंच होतं. तिसरा राहिला तो राहिलाच. अगदी तशीच ओळ त्या वहीत आणखी हुक्क्यांचीही होती, त्यामुळे ह्याची कोणती ते ठरवता आलं नाही. तो कुणाच्या घरातून आला हे आता कधी कळणार नाही. लिहिणाऱ्याने त्या दिवशी आणखी चार शब्द लिहिले असते तर कळलं असतं.

म्हणून मला विचारशील तर संग्रहालयशास्त्र म्हणजे वस्तू आणि तिची माहिती यांची ताटातूट होऊ न देणं. प्रदर्शन, लेबलं, शाळेच्या सहली, सगळं त्यावर उभं राहतं.

आता अभ्यासक्रम. वडोदऱ्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून हा विभाग आहे, देशातला पहिला. तिथून शिकलेली माणसं तुला प्रत्येक मोठ्या संग्रहालयात भेटतील, त्याचा उपयोग नोकरीत होतो. दिल्लीला राष्ट्रीय संग्रहालयाची जी संस्था १९८९ मध्ये निघाली ती आता नोएडाला भारतीय वारसा संस्थेत आली आहे. तिथे कलेचा इतिहास, संवर्धन आणि संग्रहालयशास्त्र असे वेगवेगळे एमए आहेत. मुंबईत, तू जिथे ती मूर्ती पाहिलीस त्याच वस्तुसंग्रहालयात, संग्रहालयशास्त्र आणि कला-संवर्धनाचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, मुंबई विद्यापीठाशी जोडलेला. भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयानेही पदव्युत्तर डिप्लोमा चालवला आहे, पण त्याचा भर आधुनिक आणि समकालीन कलेवर आणि क्युरेटरच्या कामावर. तुझं मन भांडारात आहे असं तुझ्या लिहिण्यावरून दिसतं, म्हणून पहिला डिप्लोमा तुला जवळचा वाटेल.

कुठेही अर्ज करण्याआधी तिथल्या दोन माजी विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचार: वर्षभरात किती तास खरी वस्तू हातात घेऊन बसलात? किती व्याख्यानं झाली हे विचारू नकोस. संग्रहालयाची व्याख्या पुस्तकातून पाठ होते (आयकॉमने, म्हणजे संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने, २०२२ मध्ये प्रागला ती नव्याने मंजूर केली, परीक्षेत हमखास येईल), १९७२ चा पुराणवस्तू कायदा घरी वाचता येतो. पण कपड्याची घडी मोडू नये म्हणून आत आम्लरहित कागदाच्या सुरळ्या कशा भरायच्या, किंवा वस्तूवर आधी पॅरालॉइड ह्या पारदर्शक राळेचा पातळ थर, त्यावर शाईने क्रमांक, वर पुन्हा थर, आणि हे सगळं उद्या अॅसिटोनने निघालं पाहिजे, हे कुणी शेजारी बसून दाखवल्याशिवाय येत नाही. वर्ष मुंबईत घरी राहून झालं तर वाचलेल्या पैशात पुढची बिनपगारी इंटर्नशिप निभावते, तोही हिशेब कर.

भाषेचं. इंग्रजी लागतं, कारण कपाटातल्या फायली आणि परदेशांशी पत्रव्यवहार त्यातच आहे. बोलणं कामाने सुधारतं, माझं तसंच सुधारलं. पण तुझ्याकडे जे आहे ते तू मोजलेलंच नाहीस. मुंबईतल्या आणि महाराष्ट्रातल्या भांडारांत मराठी वस्तू पडून आहेत, आणि त्यांची नावं माहीत असलेली मुलं कमी. मी एका नोंदीत गडव्याला 'वॉटर पॉट', तस्ताला 'वॉटर पॉट' आणि गंगाळाला 'लार्ज वॉटर पॉट' असं लिहिलेलं दुरुस्त केलंय. आणि मोडी शिक. पुराभिलेख संचालनालय अधूनमधून मोडीचे वर्ग घेतं. त्यांचं मुंबईचं दफ्तर एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे, म्हणजे वस्तुसंग्रहालयापासून चालत पाच मिनिटं. मोडी वाचता येणारा उमेदवार समोर आला की मुलाखत घेणारे खुर्चीत सरसावून बसतात, हे मी स्वतः पाहिलंय.

नोकरीबद्दल समीरनी लिहिलंय ते खरं आहे. सरकारी जागा फार कमी निघतात, त्या भरवशावर बसू नकोस. पण 'म्युझियम' म्हणजे फक्त काळा घोडा असं धरू नकोस. फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाण्या-नोटांचं संग्रहालय आहे, विक्रोळीला गोदरेजचं अर्काइव्ह आहे, कुलाब्याला टीआयएफआर ह्या विज्ञान-संशोधन संस्थेचं आहे, पेडर रोडला सिनेमाचं संग्रहालय आहे. हाच अभ्यास सगळीकडे चालतो.

आता एक काम देते. घरातली एक वस्तू घे, पन्नास वर्षांहून जुनी असेल तर बरं. तासभर समोर ठेवून बस आणि दीडशे शब्दांत तिचं वर्णन लिही. 'सुंदर', 'प्राचीन', 'सुबक' हे शब्द बंद. मोजमाप, धातू की लाकूड, कुठे काय तुटलंय, कुठे दुरुस्ती दिसते. इथेच टाक. मी बघीन.


कागदवाला

वरच्या ताईंनी बहुतेक सांगितलंच आहे. मी कागदाचं संवर्धन करतो, जुने नकाशे, पोथ्या, पत्रं. बीएस्सी केमिस्ट्री केली होती, त्याचा फायदा झाला, पण माझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी फाइन आर्टची आणि तिचा हात माझ्याहून हलका आहे. इतिहासवाल्यांना रसायनं नव्याने शिकावी लागतात, कष्ट पडतात, पण दार बंद नाही. बारावीपर्यंतचं केमिस्ट्री आत्ताच काढून वाचायला घे. आम्ल, अल्कली, विद्रावक, एवढं पक्कं असलं तरी पुष्कळ.

मुंबईत हे काम म्हणजे दमट हवेशी झुंज आहे. हवेतली आर्द्रता पासष्ट टक्क्यांवर गेली की बुरशीला बरं वाटायला लागतं, आणि इथे जुलैत ती नव्वदला टेकते. बऱ्याच ठिकाणी चूक होते ती एसीची. दिवसा माणसं असतात तोवर चालू, संध्याकाळी बंद. कागद दिवसा आकसतो, रात्री फुगतो, रोज. त्यापेक्षा एसी नसलेली, जाड भिंतींची, खेळत्या हवेची खोली बरी. प्रकाशही तसाच. कागद, कापड, लघुचित्रं यांना पन्नास लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) वर उजेड देत नाहीत. प्रेक्षक म्हणतात 'काय अंधार करून ठेवलाय', पण उडालेला रंग परत येत नाही.

अजून एक, कारण सिनेमात पाहून सगळे पांढरे सुती हातमोजे मागतात. कागदाला ते नकोत. सुती मोज्यात बोटाला कड जाणवत नाही आणि पान फाटतं. हात साबणाने धुऊन, पूर्ण कोरडे करून काम करायचं. धातूला मात्र नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) मोजे हवेतच, घामातल्या मिठाने ठसा कायमचा उमटतो.


रेवा_कल्याण

सगळ्यांचे मनापासून आभार. समीरदादा, बाबांना तुम्ही म्हणालात तसंच विचारलं. ते दोन दिवस काही बोलले नाहीत, काल इस्त्री करता करता म्हणाले, 'दोन वर्षं म्हणजे दोनच का, ते विचार.' म्हणजे ऐकलं आहे त्यांनी.

ताई, तुमचं काम केलं. आजीचा पानाचा डबा घेतला. वर्णन असं:

'पितळेचा गोल पानाचा डबा, झाकणासह. व्यास २१ सेंमी, उंची ९ सेंमी. झाकणाला बिजागरी, एक खिळा मूळचा, दुसऱ्याच्या जागी तांब्याची तार. आत चार खण आणि मधे चुनाळं. चुनाळ्याचं झाकण नाही. खणांत तपकिरी डाग, चुनाळ्यात पांढरा कडक थर. बाहेरून बुडाजवळ हिरवा गंज. झाकणावर ठोक्यांनी कोरलेली अक्षरं, "सौ. ल. वि." आणि पुढे पुसट. जुना, पण मजबूत.'

आई म्हणतेय दिवाळीआधी चिंच लावून घासून ठेवते. घासू देऊ का?


गिरगावची_नोंदवही

घासू देऊ नकोस. तो पांढरा थर म्हणजे आजींनी वापरलेला चुना आणि तो तपकिरी डाग म्हणजे कात. डबा खरंच वापरातला होता, ह्याचा तेवढाच पुरावा आहे. चिंचेने दोन्ही जातील आणि झाकणावरची अक्षरं आणखी पुसतील. मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढ, बस. आईंना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं बाकीची भांडी खुशाल घासा.

वर्णन चांगलं आहे. तांब्याची तार पाहिलीस, शाबास, दुरुस्ती लिहायला पुष्कळ जण विसरतात. दोन दुरुस्त्या सांगते. 'गंज' काढ. गंज लोखंडाला, पितळ कळकतं. 'जुना, पण मजबूत' काढ, त्यातून काहीच कळत नाही. कधीचा, कुणी घेतला, कुठल्या बाजारातून, हे आजींना विचार आणि त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिही. अक्षरांवर टॉर्चचा उजेड बाजूने, आडवा टाक. पुसट ठोके सावलीने वर येतात.

आणि पुन्हा एकदा बघ, चारही खणांत डाग सारखेच आहेत का?


रेवा_कल्याण

टॉर्चने दिसलं! 'सौ. ल. वि. कडून' आहे आणि खाली '१९६८'. आजी म्हणाली तिच्या मोठ्या जावेने लग्नात दिला, भुलेश्वरहून आणलेला.

आणि ताई, डाग सारखे नाहीत. तीन खणांत आहेत, चौथा आतून कोरा आहे, फक्त तळाला गोल घासल्याच्या खुणा आहेत, रुपयाहून जरा मोठ्या. आजीला दाखवलं तर ती थोडा वेळ गप्पच बसली. मग म्हणाली, त्या खणात आजोबांचा गिरणीचा बिल्ला असायचा. सकाळी डब्यातून घेऊन जायचे, रात्री परत ठेवायचे. १९८२ च्या संपानंतर तो कितीतरी वर्षं तिथेच होता. आता कुठे गेला ते तिला आठवत नाही. हे नोंदीत लिहायचं का? वस्तू तर नाहीच आहे.


गिरगावची_नोंदवही

लिही. खुणेचा व्यास मोजून घाल, आणि 'आजींच्या सांगण्यावरून' असं लिहून पुढे आजची तारीख घाल.